कागद, शाई आणि आठ फेनिगची तिकिटं

मार्क रोटेमुंड या दिग्दर्शकाचा 'सोफी शॉल : शेवटचे दिवस' हा 2005 सालचा जर्मन चित्रपट सुरू होतो, तेव्हा त्याच्या नायिकेचे सहाच दिवस उरलेले असतात. 17 फेब्रुवारी 1943 ची संध्याकाळ. दोघी मैत्रिणी रेडिओला कान लावून बिली हॉलिडेच्या सुरात सूर मिसळताहेत. थोड्याच वेळात त्यांतली एक, सोफी, तिथून निघते आणि एका तळघरात पोचते. तिथं तिचा भाऊ हान्स आणि त्याचे मित्र सायक्लोस्टाइल यंत्राचा दांडा फिरवत हिटलरविरोधी पत्रकं छापताहेत. 22 तारखेला संध्याकाळी पाच वाजता म्युनिकच्या श्टाडेलहाइम तुरुंगात गिलोटिनखाली तिचा शिरच्छेद होतो. वय वर्षं एकवीस.

या चित्रपटावर लिहिणारे बहुतेक जण तिच्या धैर्यावर लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण त्या तळघरातल्या यंत्रापाशी थोडं जास्त वेळ थांबावं असं मला फार वाटतं. चित्रपट ते दृश्य दोन-तीन मिनिटांत उरकतो. पुढं चौकशीच्या खोलीत जे घडतं त्याचा निम्मा अर्थ मात्र त्या यंत्रात आहे. किती कागद, किती पाकिटं, किती तिकिटं, किती माणसं, हे सगळं गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी मोजत असतो आणि सोफीला त्याच मोजणीतून वाट काढायची असते.

आपल्याकडं पन्नाशीपुढच्या लोकांनी सायक्लोस्टाइल पाहिलेलं असतं. शाळेच्या प्रश्नपत्रिका, युनियनची पत्रकं, साठच्या दशकातली अनियतकालिकं, सगळं त्यावरच निघायचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मेणासारखा लेप दिलेला एक पातळ, तंतुमय कागद असतो, तो स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला करून अक्षरं थेट त्यावर ठोकायची. याला स्टेन्सिल कापणं म्हणतात. अक्षराच्या ठोक्यानं लेप बाजूला होतो आणि तेवढ्याच जागेतून शाई झिरपू शकते. मग स्टेन्सिल यंत्राच्या रुळावर ताणून बसवायचा, शाई भरायची, कागद सरकवायचा आणि दांडा फिरवायचा.

ऐकायला सोपं आहे, पण चुकायच्या जागा पुष्कळ. टाइपाच्या खोबणीत जुनी शाई साचली असेल तर 'ए' आणि 'ओ' नीट कापले जात नाहीत. जोर जास्त झाला तर 'ओ'च्या मधला तुकडाच निघून येतो आणि छापताना तिथं काळा ठिपका पडतो. चूक झाली तर त्यावर द्रव लावायचा, वाळू द्यायचा आणि पुन्हा ठोकायचं. स्टेन्सिल बसवताना एक सुरकुती राहिली की तिची रेघ प्रत्येक प्रतीवर उमटते. शाई थंडीत घट्ट होते आणि म्युनिकचा जानेवारी कडाक्याचा असतो. गुळगुळीत कागद शाई पीत नाही, मग खालच्या कागदाची शाई वरच्याच्या पाठीला लागते. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल ढिला पडत जातो, अक्षरं जाडावतात आणि कधीतरी तो कडेनं फाटतो. मग सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा टाइप करायचा. शिवाय एखाद्या टाइपरायटरचं तुटकं अक्षर प्रत्येक पत्रकात तसंच उमटतं, म्हणजे पोलिसांच्या हातात आपण होऊन ठसा दिल्यासारखं.

'पांढरा गुलाब' या नावानं पहिली चार पत्रकं हान्स शॉल आणि अलेक्झांडर श्मोरेल या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी 27 जून ते 12 जुलै 1942 या काळात काढली. प्रत्येकाच्या प्रती होत्या फक्त शंभरच्या आसपास. दुसऱ्या पत्रकात पोलंडमध्ये तीन लाख ज्यूंची हत्या झाल्याचं सरळ लिहिलं आहे. युद्धानंतर 'आम्हाला ठाऊकच नव्हतं' असं म्हणणारे लाखो जर्मन होते, त्यांच्यासमोर हा कागद ठेवला की बोलणं खुंटतं. ही पत्रकं पोस्टानं जायची, प्राध्यापक, डॉक्टर, लेखक, खानावळवाले यांना. त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा लोकांनी स्वतः नेऊन पोलिसांच्या हवाली केला.

हा आकडा मनात ठेवूनच चित्रपट पाहावा. त्याच 1942 साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवत होते. 27 ऑगस्टला पहिलं प्रक्षेपण, 12 नोव्हेंबरला अटक. त्यांनाही जागा बदलत राहावं लागलं, त्यांच्यामागंही पोलीस होते. पण मुंबईत त्यांना दार उघडणारी घरं होती. म्युनिकमध्ये दाराआडचा माणूस पत्रक वाचून सरळ पोलिसांत जाईल, अशीच शक्यता मोठी होती. परक्या सत्तेशी लढणं आणि आपल्याच लोकांनी डोक्यावर घेतलेल्या सत्तेशी लढणं यांत एकटेपणाचा फार मोठा फरक आहे.

जुलैच्या अखेरीस हान्स, श्मोरेल आणि विली ग्राफ यांना लष्करी वैद्यक-सेवक म्हणून रशियाच्या आघाडीवर पाठवलं गेलं. ते परतले नोव्हेंबरमध्ये, आणि परतले ते अधिक कडवे होऊन. शंभर प्रतींत आता भागणार नव्हतं. नवं, जास्त क्षमतेचं यंत्र घेतलं गेलं. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कुर्ट हूबर सोबत आले. सोफी मे 1942 मध्येच जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायला म्युनिकला आली होती. ती आता पुरती कामात उतरली. पैशांचा हिशेब तिच्याकडं होता. कागद आणि पाकिटं आणणं, पत्ते लिहिणं, गाडीनं पत्रकं पोचवणं, ही तिची कामं.

जानेवारी 1943 च्या पाचव्या पत्रकाच्या प्रती सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान होत्या. हाताच्या यंत्रावर सगळं सुरळीत चाललं तर मिनिटाला तीस-चाळीस प्रती निघतात असं धरू. नऊ हजारांना नुसता दांडा फिरवायलाच चार-पाच तास लागतात. त्यात स्टेन्सिल बदलणं, शाई भरणं, अडकलेला कागद सोडवणं, ओल्या प्रती वाळत ठेवणं आलं, की अनेक रात्री गेल्या. हजार पाकिटांवर पत्ते लिहायचे तर पाकिटाला एक मिनिट धरलं तरी सोळा-सतरा तास हवेत. हे पत्ते त्यांनी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेल्या वेगवेगळ्या शहरांच्या टेलिफोन डिरेक्टरींतून उतरवले होते. शिवाय युद्धाचा काळ. एका दुकानातून खूप कागद किंवा खूप पाकिटं घेतली तर दुकानदाराच्या भुवया वर जाणार. म्हणून थोडं इथून, थोडं तिथून. पोस्टाच्या तिकिटांचंही तेच.

तिकिटांची गोष्ट तर फारच शिकण्यासारखी आहे. जर्मनीत तेव्हा परगावच्या साध्या पत्राला बारा फेनिग (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) लागायचे, त्याच शहरातल्या पत्राला आठ. ऑग्सबुर्गच्या लोकांना ऑग्सबुर्गमध्येच पत्र टाकलं तर पाकिटामागं चार फेनिग वाचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाकिटावर म्युनिकचा शिक्का बसत नाही. त्यामुळं पत्रकं कुठून निघतात हे पोलिसांना कळत नाही, उलट देशभर एखादी मोठी संघटना पसरली आहे असा समज होतो. यासाठी श्मोरेल साल्झबुर्ग, लिंत्स, व्हिएन्नाकडं गेला, सोफी ऑग्सबुर्ग आणि श्टुटगार्टला. गाडीत लष्करी आणि साध्या पोलिसांच्या झडत्या चालायच्या. सुटकेस एका डब्यात ठेवायची आणि आपण दुसऱ्या डब्यात बसायचं, म्हणजे ती सापडली तरी मालक सापडत नाही. युक्ती यशस्वी झाली, पण तिचा उलटा परिणामही झाला. इतक्या शहरांतून एकदम पत्रकं सापडू लागल्यावर गेस्टापोनं खास तपास पथक नेमलं. त्याचा प्रमुख रॉबर्ट मोर, म्हणजे पुढं सोफीच्या समोर टेबलापलीकडं बसलेला तोच माणूस.

2 फेब्रुवारीला स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्याची शरणागती पूर्ण झाली. फेब्रुवारीच्या तीन रात्री हान्स, श्मोरेल आणि ग्राफ यांनी डांबराचा रंग घेऊन भिंतींवर 'हिटलर मुर्दाबाद' आणि 'स्वातंत्र्य' लिहिलं. सहावं पत्रक हूबर यांनी लिहिलं, विद्यार्थ्यांना उद्देशून. त्याला ताजं कारण होतं. 13 जानेवारीला नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख (गाउलायटर) पाउल गीस्लर यानं विद्यापीठाच्या समारंभात विद्यार्थिनींचा जाहीर अपमान केला होता आणि मुलांनी तिथंच गोंधळ घातला होता. सभागृहात ठिणगी पडलेली दिसली, आता विद्यापीठ पेटेल, अशी या सगळ्यांना आशा वाटू लागली.

या पत्रकाच्या सुमारे तीन हजार प्रती निघाल्या. काही पोस्टानं गेल्या. पाकिटं संपत आली तेव्हा पत्रकच घडी घालून, चिकटवून पाठवलं. तरी पंधरा ते अठरा शे प्रती उरल्या, आणि त्या विद्यापीठातच वाटायच्या असं ठरलं. चित्रपटात हा निर्णय तळघरात होतो. हान्स बोलतो, बाकीच्यांना तो वेडेपणा वाटतो, आणि सोफी सोबत जायला तयार होते. एका कागदाचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास धरलं तर सतरा शे कागद साडेआठ किलो होतात. ते सुटकेसमध्ये आणि एका बॅगेत भरून 18 फेब्रुवारीला, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास भाऊ-बहीण विद्यापीठात शिरले. तास चालू होते, व्हरांडे रिकामे होते. वर्गांच्या दारांसमोर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, जिन्यांवर त्यांनी गठ्ठे ठेवले. बाहेर पडले आणि परत फिरले, कारण सुटकेसमध्ये अजून काही उरली होती.

परत का फिरले, यावर लोकांनी पुष्कळ तर्क केले आहेत. कुणी याला बेफिकिरी म्हणतं, कुणी हौतात्म्याची ओढ. वरचा सगळा हिशेब डोळ्यांसमोर असला तर मला एवढं गूढ वाटत नाही. ती उरलेली पत्रकं घरी नेणं धोक्याचं होतं, आणि टाकून देणं जिवावर येणारं. प्रत्येक प्रतीमागं स्टेन्सिल, शाई, लपवून आणलेला कागद आणि जागून काढलेली रात्र होती. ज्यानं स्वतःच्या हातानं काहीतरी छापलं आहे तो उरलेल्या प्रती सहजासहजी फेकत नाही. दोघं वरच्या मजल्यावर गेले. काचेच्या छताखालचा मोठा चौक खाली होता. सोफीनं कठड्यावरचा गठ्ठा ढकलला आणि कागद चौकात उडाले. तेवढ्यात तास सुटले आणि याकोब श्मिड या विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यानं दोघांना धरलं. चित्रपटाचं हे दृश्य विद्यापीठाच्या त्याच चौकात चित्रित झालं आहे, आणि त्या उंचीवरून खाली पाहिलं की तिच्या हाताच्या एका हालचालीचं वजन अंगावर येतं.

यानंतरचा चित्रपट बहुतांशी एका खोलीत आहे. पटकथाकार फ्रेड ब्राइनर्सडोर्फर यांनी तो गेस्टापोच्या चौकशीच्या कागदपत्रांवर उभा केला. हे कागद पूर्व जर्मनीच्या ताब्यात होते आणि 1990 नंतरच संशोधकांना नीट उपलब्ध झाले. त्याआधीच्या चित्रपटांना ते मिळालेच नव्हते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चौकशीचा जबाब म्हणजे झालेलं संभाषण शब्दशः उतरवलेलं नसतं. अधिकारी ऐकतो, आपल्या सरकारी भाषेत 'मी अमुक केलं' असं टाइप करायला सांगतो आणि आरोपी खाली सही करतो. म्हणून त्या जबाबांत माहिती सोफीची आहे, वाक्यरचना मोरची. चित्रपटानं त्या कोरड्या वाक्यांना पुन्हा आवाज दिला. यूलिया येंच या अभिनेत्रीनं तो ज्या संयमानं दिला त्यासाठी तिला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला, आणि तो तिच्या हक्काचा होता.

आधी सोफी साफ नाकारते. सुटकेस रिकामी का? उल्मला घरी जायचं होतं, धुतलेले कपडे आणायला. कठड्यावरून कागद का ढकलले? गंमत म्हणून. ती इतकी शांतपणे बोलते की मोरचा विश्वास बसू लागतो. मग घराच्या झडतीचा अहवाल येतो. आठ फेनिगची 140 तिकिटं सापडलेली असतात, कोरी. एका विद्यार्थ्याच्या घरात गावातल्याच 140 पत्रांची तिकिटं कशाला? आणि हान्सच्या खिशात एक हस्तलिखित मसुदा होता. तो त्यानं अटकेनंतर फाडून टाकायचा प्रयत्न केला, पण तुकडे जुळवले गेले. त्यावरचं अक्षर घरात सापडलेल्या एका पत्राशी जुळलं. ते त्यांच्याच गटातल्या ख्रिस्टोफ प्रोब्स्टचं होतं. तीन मुलांचा बाप, धाकटी जेमतेम चार आठवड्यांची, बायको बाळंतज्वरानं अंथरुणाला खिळलेली. जे पत्रक कधी छापलंच गेलं नाही त्याच्या मसुद्यासाठी प्रोब्स्टचा जीव गेला.

हान्सनं कबुली दिली आहे हे कळल्यावर सोफीनं बोलणं बदललं. हो, आम्ही केलं, आम्ही दोघांनी, आणि मला त्याचा अभिमान आहे. चित्रपटात हा क्षण मुक्तीसारखा येतो. त्यातली कठीण बाजू अशी की आता तिला उलट दिशेनं खोटं बोलायचं होतं. बाकीच्यांना वाचवायचं तर सगळं काम दोघांच्याच अंगावर घ्यायला हवं. पण हजारो पत्रकं, हजारो पत्ते, इतक्या शहरांच्या फेऱ्या, दोन माणसांना हे जमेल का? मोरसारखा मुरलेला पोलीस बोटांवर हिशेब करू शकतो. दांडा कुणी फिरवला, कागद कुणी सरकवला, व्हिएन्नाला कोण गेलं? त्या चौकशीत विचारांची टक्कर आहेच, पण तिच्याखाली ही कामाच्या तासांची झटापट चालू असते. एकवीस वर्षांची मुलगी झोपेविना तिथं बसून प्रत्येक उत्तर मागच्या उत्तराशी जुळवत राहते.

जबाबाच्या शेवटी तिला विचारलं गेलं की आता तरी ही कृती गुन्हा वाटते का. तिचं उत्तर नोंदलेलं आहे. तसं वाटत नाही, मी माझ्या लोकांसाठी मला शक्य होतं ते सर्वांत चांगलं केलं, मला पश्चात्ताप नाही आणि परिणाम माझ्यावर घ्यायला मी तयार आहे, असा त्याचा आशय. पटकथेत मोर तिला सुटकेची वाट दाखवतो, भावाच्या मागं गेले एवढं म्हण. ही हकीकत मोरनं स्वतःच 1951 मध्ये लिहून ठेवली आहे. गेस्टापोच्या माणसानं युद्धानंतर स्वतःबद्दल लिहिलेलं दयाळूपण जरा हात राखूनच वाचायला हवं. अलेक्झांडर हेल्डनं मोर इतका माणसासारखा रंगवला आहे की प्रेक्षक त्याच्याकडं थोडा झुकतो. ही चित्रपटाची ताकद आहे आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी जोखीमही.

खटला सोमवारी, 22 फेब्रुवारीला. बर्लिनहून 'लोकन्यायालय' या नाझींच्या राजकीय खटल्यांच्या न्यायालयाचा अध्यक्ष रोलांड फ्राइस्लर आला आणि दहाला सुरू झालेलं काम एकच्या आत संपवलं. चित्रपटात आंद्रे हेनिके पहिल्या क्षणापासून ओरडतो. काहींना ते भडक वाटतं, पण 1944 च्या खटल्यांच्या चित्रफितींतून फ्राइस्लरचा आवाज टिकून आहे आणि तो तसाच होता. आईवडील उल्महून पोचले, कोर्टात शिरले आणि बाहेर काढले गेले. तुरुंगात शेवटची भेट झाली. आईनं घरून आणलेला खाऊ हान्सनं नाकारला. सोफीनं मात्र आनंदानं घेतला, म्हणाली, दुपारचं जेवण झालेलंच नाही माझं. पहारेकऱ्यांनी सोफी, हान्स आणि प्रोब्स्ट या तिघांना एकत्र एक सिगारेट ओढू दिली. पाच वाजता सोफी, मग काही मिनिटांच्या अंतरानं हान्स आणि प्रोब्स्ट. त्याच संध्याकाळी विद्यापीठात विद्यार्थी जमले आणि त्यांनी याकोब श्मिडसाठी टाळ्या वाजवल्या.

चित्रपट शेवटी सांगतो की सहावं पत्रक स्कँडिनेव्हियामार्गे इंग्लंडला पोचलं आणि 1943 च्या मध्यात ब्रिटिश विमानांनी त्याच्या लाखो प्रती जर्मनीवर टाकल्या. ते पत्रक बाहेर पोचवणारा हेल्मुट फॉन मोल्टके नंतर स्वतः फासावर गेला. हे खरं आहे आणि पडद्यावर ते उचंबळून येतं. पण सहा दिवसांची चौकट घेतल्यावर बरंच काही बाहेर राहतं. म्हणून याच्या आधी मिखाएल फेरहोफेनचा 1982 चा 'पांढरा गुलाब' मिळवून पाहावा. त्यात जागरणं, कागदाची टंचाई आणि पाकिटं भरणं यांना पुरेसा वेळ आहे, मग 2005 चा चित्रपट त्याच्या पुढं ठेवला की चौकशीतला प्रत्येक आकडा जिवंत होतो. त्या जुन्या चित्रपटानं आणखी एक काम केलं. लोकन्यायालयाच्या शिक्षा पश्चिम जर्मनीच्या कायद्यात अजून रद्द झालेल्या नाहीत हे त्यानं शेवटी लिहून दाखवलं आणि वाद पेटला. 1985 मध्ये संसदेनं ते न्यायालय दहशतीचं साधन होतं असा ठराव केला. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला 1998 उजाडलं.

आणि बाकीचे? श्मोरेल आणि हूबर यांना 13 जुलै 1943 ला मारण्यात आलं. विली ग्राफला एप्रिलमध्ये शिक्षा झाली, पण आणखी नावं काढण्यासाठी त्याला 12 ऑक्टोबरपर्यंत जिवंत ठेवलं. त्यानं नावं दिली नाहीत. हान्स लाइपेल्ट या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आणि मारी-लुइझं यान या त्याच्या मैत्रिणीनं शॉल भावंडं गेल्यानंतर सहावं पत्रक टाइपरायटरवर पुन्हा उतरवलं, वर 'तरीही त्यांची प्रेरणा जिवंत आहे' अशी ओळ घातली, हाम्बुर्गपर्यंत नेलं आणि हूबर यांच्या विधवा पत्नीसाठी पैसे गोळा केले. यानला बारा वर्षांची शिक्षा झाली. लाइपेल्टला 29 जानेवारी 1945 ला, युद्ध संपायला शंभर दिवस उरले असताना, त्याच श्टाडेलहाइम तुरुंगात ठार केलं गेलं. त्याच्यावर अजून कुणी असा चित्रपट करावा, आणि त्यात टाइपरायटरपाशी घालवलेल्या रात्रींना भरपूर वेळ द्यावा.